रथावरून उतरवलेली अस्वलं : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

युरोपातल्या एका मध्यम शहराच्या संग्रहालयाला एका जुन्या संग्राहकाच्या मृत्युपत्रानुसार चार लहान चिनी वस्तू मिळाल्या. शहराचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. वस्तू अशा : तीन बसकी अस्वलं, प्रत्येक मुठीत मावेल एवढं, आणि एक पोकळ टोपण, ज्याच्या पुढच्या टोकाला जबडा वासलेल्या श्वापदाचं डोकं. चारही वस्तूंवर सोन्याचा मुलामा आणि मुलाम्यावर जागोजाग हिरवा-निळा गंज. सोबत संग्राहकाच्या अक्षरातली चिठ्ठी होती : ‘रथाची आभूषणं, हान काळ, ४ नगांचा संच.’

संग्रहालयात त्याच सुमारास प्राचीन रथांवरच्या प्रदर्शनाची तयारी चालू होती. इजिप्त आणि रोमची बाजू भरली होती, चीनची रिकामी होती. ती आयतीच भरून निघत होती म्हटल्यावर चिठ्ठीवर शंका घ्यायला कुणाला सुचणार? रचनाकाराने ओकच्या लाकडात रथाचा अर्धा सांगाडा करायला दिला, त्यावर चार जागा आखल्या, आणि जाहिरातीच्या फलकावर एक अस्वल झळकलंसुद्धा.

माझा संबंध आला तो धातूंची संवर्धक म्हणून, आणि तोही उशिरा. दोन अस्वलांच्या अंगावर फिकट हिरवी पूड दिसू लागली होती. मला सांगितलेलं काम एका ओळीचं होतं : पूड काढा, सोनं उजळा, उद्घाटनाआधी परत द्या.

चिठ्ठी अगदीच हवेतली नव्हती

हान काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) सरदारांचे रथ खरोखरच सोन्यारुप्याने मढवलेले असत. जियांगशी प्रांतात नानचांगजवळ हायहुनचा सरदार ‘लिऊ हे’ याची कबर सापडली. तो इ.स.पू. ५९ मध्ये वारला. त्याच्या रथांच्या खड्ड्यात ५ खरे रथ आणि २० घोडे पुरलेले होते, आणि रथसाजाचे ३,००० हून अधिक तुकडे निघाले. आसाच्या टोकांची टोपणं, जुवाचे भाग, लगामाच्या कड्या, घोड्याच्या कपाळावरची पानाच्या आकाराची पट्टी, छत्रीच्या काड्यांच्या टोप्या, अशी नुसती यादी करायची म्हटली तरी दमायला होतं. रथाच्या छत्रीला २८ काड्या असाव्यात, आकाशातल्या २८ नक्षत्रांसारख्या, असं जुना चिनी कारागिरीचा ग्रंथ सांगतो. म्हणजे एका छत्रीमागे २८ टोप्या.

पण हेच कारागीर रथ सोडून बाकी घरही सजवत होते. ग्वांगचौमध्ये १९८३ साली नानयुए या दक्षिणेकडच्या जुन्या राज्याच्या राजाची कबर उघडली, तेव्हा खोलीत उभ्या करायच्या, लाखकाम केलेल्या पडद्याचं लाकूड कुजून गेलेलं होतं आणि त्याचे मुलामा दिलेले कोपरे, पक्षी, श्वापदांची तोंडं, साप धरलेला माणूस एवढं उरलं होतं. त्या काळी चीनमध्ये लोक चटईवर बसत. खुर्ची फार पुढची. चटईचे चार कोपरे उचलू नयेत म्हणून त्यांवर वजनं ठेवत, आणि ती वजनं अस्वल, वाघ, हरीण, बिबट्या अशा आकारांची असत. बॉस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयात अशी अस्वलांची जोडी आहे. हबेईतल्या मानचंग इथल्या दौ वान राणीच्या कबरीत सोन्याचांदीची जडवणूक केलेले बिबटे मिळाले.

सारांश, लाकूड, लाख, चामडं, कापड मातीला मिळतं आणि धातूचं जनावर तेवढं मागे राहतं. ते कशावर बसलेलं होतं हे त्याच्या तोंडावरून कधीच कळत नाही. बाजारात मात्र ‘रथाचं आभूषण’ म्हटलं की किंमत चढते, कारण ताटाच्या पायापेक्षा रथ ऐकायला बरा वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनान प्रांतात रेल्वेचे रूळ टाकताना जुन्या कबरी फुटल्या आणि असा माल पॅरिस-लंडनपर्यंत पोचला. त्यासोबतच्या माहितीचा बराचसा भाग विक्रेत्याच्या तोंडून आलेला असतो.

पहिला निर्णय : पूड आधी की पाठ आधी

ती हिरवी पूड म्हणजे ज्याला संवर्धक ‘कांस्यरोग’ म्हणतात तो. मातीतला क्लोराइड तांब्यात शिरून बसलेला असतो. दमट हवा लागली की तो जागा होतो आणि तांबं आतून खात फिकट हिरवी भुकटी बाहेर टाकतो. संग्राहकाच्या दिवाणखान्यात या वस्तू खोली गरम ठेवणाऱ्या तापणीच्या वर काचेच्या कपाटात होत्या, हवा कोरडी, म्हणून वर्षानुवर्षं काही झालं नाही. संग्रहालयाचं गोदाम नदीकाठच्या तळघरात. तिथे आल्यावर रोगाने डोकं वर काढलं.

लगेच साफसफाईला हात घालावा, असा संचालकबाईंचा आग्रह होता. रोग थांबवायला हवा हे खरंच. पण वाढती पूड थांबवायला वस्तू धुवावी लागत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता खाली आणली की ती तिथल्या तिथे थबकते. म्हणून चारही नग डब्यात गेले, आणि साफसफाईच्या आधी मागची बाजू, तळ, पोकळी आणि सांधे बघायचे, असं ठरलं. या प्रकरणातले पुढचे सगळे निर्णय या एका निर्णयातून निघाले.

अस्वलं उलटी केल्यावर काय दिसलं ते जरा सविस्तर सांगते. प्रत्येक अस्वल उकिडवं, पोट पुढे, एक पंजा मांडीवर, दुसरा खांद्यापर्यंत उचललेला, डोक्यावर ओझं घेतल्यासारखं. माथा सपाट. पाठीमागे, मानेच्या उंचीवर, एक आडवी पायरी, आणि पायरीत तुटलेल्या रिवेटचा बुंधा. आतून पोकळ, वजनाला हलकं. चटईचं वजन असतं तर ते जड असतं, बहुतेकदा शिसं ओतून भरलेलं, तळ सपाट, आणि बसणाऱ्याच्या कपड्याची किनार अडकू नये असं गोलसर. इथे सगळंच उलट. रथाचा भाग असता तर लाकूड आत घ्यायला नळी किंवा आरपार खिळीचं भोक असतं. तेही नव्हतं.

पायरी मात्र सरळ नव्हती, किंचित वळलेली होती. ते वळण कागदावर उतरवून कंपासने वर्तुळ पुरं केलं, तर दोन अस्वलांचं वर्तुळ एकच निघालं, अर्धा मीटर व्यासाच्या जरासं आत. तिसऱ्याची पायरी सरळसोट होती. गोल भांड्याला ती टेकलीच नसती.

गोल, तीन पायांचं, त्या मापाचं काय असू शकतं याचा एक बिनतोड नमुना बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे : इ.स. ४५ सालचं मुलामा दिलेलं मापाचं भांडं, आणि त्याखालचं तीन अस्वलांवर उभं असलेलं ताट. ताटावर कोरलेल्या लेखातच शू प्रांताच्या पश्चिम कारखान्याचं नाव आहे, ‘कोरलेल्या बसक्या अस्वलांचे पाय’ असे शब्द आहेत, रत्नांचा उल्लेख आहे, ताटाचा व्यास दोन ‘छ्र’ दोन ‘त्सुन’ दिला आहे, म्हणजे साधारण ५० सेंटीमीटर, आणि मुलामा देणाऱ्यासकट कारागिरांची नावं आहेत. आमची अस्वलं त्या कारखान्याची आहेत असं कुणी म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. पण ती रथाची नाहीत, ताटाची किंवा पसरट भांड्याची आहेत, एवढं पाठीने सांगून टाकलं.

दुसरा निर्णय : तिसरं अस्वल

इथे मुलाम्याबद्दल थोडं बोलायला हवं. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर मारून कथील फिरवतो, तसंच इथेही काम उष्णतेचंच. फरक असा की सोनं आधी पाऱ्यात विरघळवून त्याचं मऊ मिश्रण करतात, ते कांस्यावर चोपडतात आणि मग तापवतात. पारा ३५७ अंशांना उकळतो, उडून जातो, सोनं चिकटून राहतं, आणि वर घोटून चमक आणतात. चीनमध्ये हानच्या आधीच्या, युद्धरत राज्यांच्या काळापासून हे चालू आहे. सगळा पारा मात्र कधीच जात नाही. वस्तूत कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणाऱ्या क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राखाली धरलं की सोन्यासोबत पाऱ्याची रेघ उमटते.

दोन अस्वलांत ती उमटली. खालचा धातू तांबं, कथील, थोडं शिसं. तिसऱ्यात पारा नाही, आणि खालच्या धातूत जस्त भरपूर. म्हणजे ते पितळ. हान काळच्या कारागिराच्या भट्टीतून असं पितळ निघत नाही. शिवाय सोनं सगळीकडे सारखं पातळ, पोकळीच्या आत, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेही. विजेने चढवलेला मुलामा असा बसतो आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. शेवटी एसीटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा त्याच्या कानामागच्या ‘गंजावर’ फिरवला, तर बोळा हिरवा झाला. रंग होता, डिंकासारख्या कशात तरी कालवलेला. खऱ्या दोघांचा गंज सूक्ष्मदर्शकाखाली मॅलाकाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजाचे स्फटिक दाखवतो. ते सोन्यातल्या बारीक छिद्रांतून वर येऊन सोन्यावर पसरलेले असतात आणि काठाशी सोनं उचललं गेलं की खाली लाल थर दिसतो. ते बोळ्याला दाद देत नाहीत.

एक सावधगिरी : पारा सापडला म्हणजे वस्तू प्राचीन, असं नाही. नेपाळात पाटणमध्ये आजही पाऱ्याने मुलामा देतात. पारा फक्त रीत सांगतो, वय नाही. वयासाठी अस्वलांच्या डोक्यात अडकलेली ओतकामाची भाजलेली माती होती. तिची तापदीप्ती चाचणी करता येते. त्यात एक अडचण निघाली. पहिल्या अस्वलाचा एक्स-रे संग्रहालयाने आधीच शेजारच्या जनावरांच्या दवाखान्यात काढून घेतला होता. लहान संग्रहालयं असं करतात, त्यात गैर काही नाही. पण मातीने शतकानुशतकं साठवलेल्या किरणोत्साराचा हिशेब हीच ती चाचणी, आणि एक्स-रे त्या हिशेबात बाहेरची भर घालतो. त्यामुळे नमुना फक्त दुसऱ्या अस्वलाचा घेतला. निकाल हान काळाशी जुळला, अर्थात काही शतकं इकडे-तिकडे धरून.

तिसऱ्याचं काय करायचं? तीन मतं होती. गोदामात टाकून द्यावं, कारण बनावट वस्तू दाखवणं संग्रहालयाला शोभत नाही. वारसांना दुखवू नये म्हणून तिन्ही एकत्र ठेवून पाटीवर ‘हान शैली’ असं गुळमुळीत लिहावं. किंवा तिन्ही ठेवावीत आणि काय ते स्पष्ट लिहावं. दुसरा पर्याय संचालकबाईंना आवडला होता. क्युरेटरबाईंनी ठाम नकार दिला. मग वारस म्हणजे संग्राहकाची मुलगी आली आणि तिनेच पेच सोडवला. ‘बाबा दोन अस्वलं घेऊन अर्धं आयुष्य तिसरं शोधत होते,’ ती म्हणाली. तीन पायांच्या ताटाचे दोनच पाय बाळगणाऱ्या माणसाला तिसरा विकणारा कुणीतरी भेटणारच की. पाटीवर काय लिहायचं ते तिच्यासमोरच ठरलं.

तिसरा निर्णय : टोपण

गंमत म्हणजे चिठ्ठी एका नगाबद्दल खरी होती. श्वापदाच्या डोक्याचं टोपण रथाच्या दांडीच्या टोकावर बसणारं होतं. आरपार खिळीचं भोक, आणि नळीत खोलवर लाकडाचा खपला, तांब्याच्या क्षारांनी झिरपून दगडासारखा झालेला. प्रदर्शनाला हवी तीच वस्तू.

आणि नेमके तिचेच कागद नव्हते. अस्वलांसोबत दिवाणखान्याचं एक छायाचित्र आलं होतं, मागे १९३६ असं लिहिलेलं. शेकोटीवरच्या फळीवर अस्वलं दिसतात. टोपण नाही. त्याचा पहिला उल्लेख १९९० च्या दशकातल्या विम्याच्या यादीत. संग्रहालयाचा नियम सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को कराराच्या धर्तीवर : त्या वर्षाआधी वस्तू मूळ देशाबाहेर होती याचा पुरावा नसेल, तर ती स्वीकारायची नाही. चीन या करारात १९८९ साली आला, आणि पुरातन वस्तूंबाबतचे चिनी कायदे त्याहून जुने आहेत.

रचनाकाराने सुचवलं, निदान प्रदर्शनापुरतं ‘उसनं’ म्हणून ठेवू. विश्वस्तांपैकी दोघांना ते पटलं होतं. क्युरेटरबाईंनी विचारलं, कुणाकडून उसनं? मालक कोण हेच तर ठरलेलं नाही. टोपण दाखल करून घेतलं नाही. वारसांच्या संमतीने छायाचित्रांसह माहिती चिनी दूतावासाला पाठवली. उत्तर येईपर्यंत ते संग्रहालयाच्या तिजोरीत, कोरड्या डब्यात, वारसांच्या नावाने ठेव म्हणून राहणार होतं. नळीतल्या लाकडाला कुणीही हात लावायचा नाही, असं डब्यावरच लिहिलं.

साफसफाई : किती, कशाने

सोनं उजळण्याचा हट्ट शेवटपर्यंत गेला नाही. रसायनाने उजळणं सोपं असतं. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या मुलामा दिलेल्या दरवाजाचे काही भाग रोशेल सॉल्टच्या द्रावणात धुतले, पुढे लेझरचा आधार घेतला, आणि २०१२ साली काम संपल्यावरही दरवाजा कोरड्या हवेच्या काचेत ठेवावा लागला. पण तो पंधराव्या शतकातला, मातीत न पुरलेला. आमच्या अस्वलांचं सोनं छिद्रांतून आतल्या गंजाशी जोडलेलं. द्रावण त्या छिद्रांतून आत शिरलं तर सोन्याखालचा आधारच जातो आणि पत्रा सुटतो. लेझरचा खर्च झेपणारा नव्हता आणि पाऱ्याचे अंश असलेल्या पृष्ठभागावर तो वापरायची माझी तयारीही नव्हती.

म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली सुई आणि बारीक पात्याने फक्त रोगाची पूड खरवडली. खड्ड्यांत तांब्याचा गंज रोखणारं बेन्झोट्रायझोल अल्कोहोलमधून दिलं, वर पातळ ॲक्रिलिक थर. मॅलाकाइट जिथे स्थिर होता तिथे तसाच ठेवला. पायरीतला रिवेटचा बुंधा आणि भोवतीची काळी पुटं अजिबात छेडली नाहीत. ती लाखेची असू शकतात. चेहरे उजळले, अंग हिरवंच राहिलं. संचालकबाई म्हणाल्या, ‘अर्धवट वाटतं.’ वाटतंच.

काय झालं

चीनच्या बाजूला ओकचा सांगाडा उभा राहिला, आभूषणांशिवाय. त्याच्याशेजारी हायहुनच्या रथसाजाची छायाचित्रं आणि एक सरळ पाटी : संग्रहालयाकडे आलेली रथाची एक वस्तू इथे का नाही, याची. अस्वलांना वेगळी काचपेटी मिळाली, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. पेटीत ओक घालू दिला नाही. त्या लाकडातून निघणारी आम्लं शिसेयुक्त कांस्याला बाधतात. त्यामुळे सांगाडा आणि अस्वलं तशीही एकत्र नांदली नसती. ताटाची बाह्यरेषा पारदर्शक पट्टीने काढली, दोन पाय खरे, तिसरा पितळी, आणि तसं लिहिलेलं. जाहिरातीचे फलक बदलायला पैसे नव्हते, ते तसेच लागले. दोन-तीन पत्रं आली, अस्वल रथावर का नाही म्हणून. त्यानंतर पूड पुन्हा आलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

छायाचित्र पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होतं. त्यात फळीवर दोनच अस्वलं आहेत. वस्तू स्वीकारताना कुणी नुसती मोजली असती, तरी अर्धा तपास तिथेच झाला असता. स्वीकृतीच्या अर्जात समोरून काढलेला एकच फोटो लागत होता. आता पाठ, तळ आणि पोकळी यांचे वेगळे फोटो मागतात.

एक्स-रेच्या आधी मातीचा नमुना काढून ठेवायला हवा होता. जाणत्या हातांना हे काम फार वेळाचं नाही. फक्त क्रम माहीत हवा. आणि रचनाकाराला लाकूड कापायला सांगण्याआधी वस्तू माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणा धातूवाल्याकडे यायला हवी होती. सांगाड्याचा खर्च वाया गेला नाही, पण तो कशासाठी केला याचं उत्तर शेवटपर्यंत थोडं ओढूनताणूनच होतं.

टोपणाच्या बाबतीत मात्र आमच्यात एकमत नाही. क्युरेटरबाईंचं म्हणणं, वस्तू हातात आली त्या आठवड्यातच वारसांची परवानगी घेऊन नळीतल्या लाकडाचा कण काढून ठेवायला हवा होता. जात कळली असती, कार्बन चाचणीने वय कळलं असतं, आणि दूतावासाला नुसत्या फोटोंऐवजी काहीतरी ठोस देता आलं असतं. मला ते पटत नाही. ज्याची मालकी वादात आहे अशा वस्तूतून नमुना काढला, तर उद्या खरा मालक विचारेल, कुणाच्या अधिकाराने? त्यावर त्या म्हणतात, खरा मालक यायला वीस वर्षं लागली आणि डब्याचं सिलिका जेल कुणी बदललंच नाही, तर विचारायला लाकूड तरी उरेल का? तेव्हापासून जेल बदलण्याच्या तारखा डब्याच्या झाकणावर त्या स्वतः लिहितात.